जगाचा ई-क्लास

२०२४ सालच्या मे महिन्याचा शेवटचा आठवडा ज्यांनी अकोल्यात काढला, ते तो सहजी विसरणार नाहीत. पारा ४५ अंशांच्या वर गेला होता. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. अशात बातमी आली की जिल्ह्यात कलम १४४ लागू झालं. अकोल्यात १४४ म्हटलं की आमच्यासारख्यांच्या पोटात आधी गोळा येतो. आदल्याच वर्षी मे महिन्यात जुन्या शहरात दंगल झाली होती, ती आठवण ताजी होती. अमरावतीहून बहिणीचा घाबरून फोन आला, "भाई, फिर कुछ हुआ क्या?" मी म्हटलं, "कुछ नहीं हुआ, बस धूप हुई है."

खरंच तेवढंच झालं होतं. दंगलीसाठी नव्हे, उन्हासाठी १४४ लागलं होतं. मजुरांना सावली आणि पाणी मिळावं, खासगी शिकवण्या भर दुपारी भरू नयेत, यासाठी प्रशासनाने ते कलम वापरलं होतं. हसावं की रडावं, कळेना.

त्याच आठवड्यात तिकडे केरळात, कोचीत, जगभरचे प्रतिनिधी बर्फाबद्दल बोलत बसले होते. अंटार्क्टिक करारातल्या देशांची ४६वी बैठक २० ते ३० मे या दिवसांत तिथे भरली होती. यजमान भारत होता. याआधी एकदाच, २००७ साली दिल्लीत, ही बैठक आपल्याकडे झाली होती. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी होत्या. मी त्या ओला पंचा डोक्यावर घेऊन वाचल्या आणि पहिला विचार आला तो कुणालाही येईल तोच: दक्षिण ध्रुवाशी आपलं काय देणंघेणं? आपल्याला पूर्णेला पाणी हवं, कपाशीला भाव हवा, संत्र्याचा बहार टिकायला हवा.

नंतर लक्षात आलं की देणंघेणं आहे, आणि ते दोन तऱ्हांचं आहे. एक पावसाचं. आपल्या कपाशीवर पडणारा पाऊस ज्या वाऱ्यावर येतो तो वारा विषुववृत्ताच्या पलीकडून, दक्षिण हिंदी महासागरातल्या मॅस्करीन बेटांजवळच्या उच्च दाबाच्या प्रदेशातून निघतो. त्या महासागराच्या खालच्या टोकाला अंटार्क्टिकाचा बर्फ आहे. समुद्र आणि हवा यांना सरहद्द नसते, त्यामुळे तिथलं बिघडलेलं इथे आज ना उद्या पोचतं. हे पहिलं देणंघेणं शास्त्रज्ञ माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मला लिहायचं आहे ते दुसऱ्याबद्दल, आणि ते माझ्या गावातल्या ई-क्लासबद्दल आहे.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. बाकी महाराष्ट्र ज्याला गायरान म्हणतो त्याला आमच्याकडे ई-क्लास म्हणतात. महसुली वर्गवारीतलं हे अक्षर आमच्या बोलीत असं मुरलंय की अंगठेबहाद्दर म्हातारीही "बकऱ्या ई-क्लासात गेल्या" असं म्हणते. गावाची ही सामाईक जमीन. गुरांना चरायला, गोवऱ्या वेचायला, पोरांना विटीदांडू खेळायला. कुणाच्याही सातबाऱ्यावर नाही, म्हणून सगळ्यांची.

मूर्तिजापूर आणि दर्यापूर या दोन तालुक्यांच्या मधोमध, म्हणजे अकोला आणि अमरावती जिल्ह्यांच्या शिवेवर, माझं गाव आहे. आमच्या शेताचा धुरा ई-क्लासाला लागून होता. लहानपणी मी दादांच्या बकऱ्या तिथे नेत असे. बाभळी होत्या, पळस होते, पावसाळ्यात गुडघाभर गवत असे. दादा म्हणायचे, "घास किसी के बाप की नहीं होती." पुढे शेजारच्या एकाने धुरा थोडा पुढे सरकवला. कुणी काही बोललं नाही. मग दुसऱ्याने. मग एका वर्षी नांगरटीच्या वेळी माझ्या चाचांनी दोन तासं जास्त मारली. पुढच्या वर्षी आणखी दोन. अब्बांनी विचारलं तेव्हा चाचा म्हणाले, "सब ले रहे हैं, हम क्या पागल हैं?" दहा-बारा वर्षांत आमच्या शेतात जवळपास दोन एकर वाढ झाली. त्या जमिनीची तूर आमच्या घरात शिजली आणि मी ती खाल्ली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं लिहिताना मी काही धुतल्या तांदळाचा नाही.

गंमत पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिच्यात अतिक्रमण काढून टाकण्याचं कलम आहे आणि त्याला लागूनच अतिक्रमण नियमित करण्याचं कलमही आहे. गावातला प्रत्येक माणूस यातून एकच धडा शिकला: आधी नांगर घाला, मग अर्ज करा. जो थांबला तो मूर्ख ठरला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालच्या जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा असं सगळ्या राज्यांना बजावलं. तरी धुरे पुढेच सरकत राहिले.

आता अंटार्क्टिकाकडे पाहू. सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरचा खंड, भारताच्या चौपटीहून मोठा. त्यावर सरासरी दोन किलोमीटर जाडीचा बर्फ. मूळचे रहिवासी कुणीच नाहीत. आणि या ई-क्लासावरही धुरे सरकवणारे होतेच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सात देशांनी आपापली पाचर आखून घेतली: ब्रिटन, फ्रान्स, नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अर्जेंटिना आणि चिली. ब्रिटन, अर्जेंटिना आणि चिली यांच्या पाचरी तर एकमेकींवर चढलेल्या. एकाच जमिनीचे तीन मालक. आपल्याकडे अशा वादात तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

१९५७-५८ साली आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष साजरं झालं. बारा देशांचे शास्त्रज्ञ त्या बर्फावर काम करत होते, त्यात अमेरिका आणि सोव्हिएत रशियाही. दोघांनाही भीती होती की वर्ष संपल्यावर समोरचा तिथे क्षेपणास्त्रं आणून ठेवेल. चांगुलपणापेक्षा या भीतीनेच दोघांना टेबलावर आणलं. १ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टनमध्ये बारा देशांनी करारावर सह्या केल्या आणि २३ जून १९६१ला तो लागू झाला. ६० अंश दक्षिण अक्षांशाच्या खाली लष्करी तळ नाही, युद्धसराव नाही, अणुस्फोट नाही, किरणोत्सर्गी कचरा नाही. संशोधन मात्र सगळ्यांना खुलं.

पण या कराराचा जीव त्याच्या चौथ्या कलमात आहे. ते मी आमच्या गावच्या भाषेत सांगतो. समजा, चावडीवर सगळे धुरे सरकवणारे जमले आणि ठरलं की आजवर ज्याने जे हक्क सांगितले ते एका गाठोड्यात बांधून ठेवू. खरे म्हणायचे नाहीत, खोटेही म्हणायचे नाहीत. पण आजपासून कुणी कितीही नांगरलं, विहीर खोदली, गोठा बांधला, तरी त्यातून एक इंचाचाही हक्क तयार होणार नाही. नवा दावा नाही, जुन्या दाव्यात वाढ नाही. म्हणजे अतिक्रमण करून फायदाच नाही! शिक्षेचा धाक न घालता अतिक्रमणातली हवाच काढून घेतली.

याचा परिणाम पाहायला लांब जायला नको, आपल्याच केंद्रांकडे पाहू. भारताचं 'मैत्री' केंद्र १९८९पासून जिथे उभं आहे तो भाग नॉर्वे आपला म्हणतो. २०१२ साली सुरू झालेलं 'भारती' जिथे आहे तो ऑस्ट्रेलिया आपला म्हणतो. आपण दोघांकडूनही परवाना घेतला नाही, भाडं देत नाही, आणि त्या दोघांनी हरकतही घेतली नाही. उलट 'भारती' ज्या लार्समन टेकड्यांत आहे तिथे रशिया आणि चीनचीही केंद्रं आहेत. २००७पासून त्या टेकड्या ऑस्ट्रेलिया, चीन, भारत, रशिया आणि रोमानिया यांनी मिळून सांभाळायचं विशेष क्षेत्र म्हणून घोषित आहेत. २०२० साली गलवानमध्ये आपले वीस जवान शहीद झाले. दिल्ली-बीजिंगमध्ये बोलणं कठीण झालं, पण टेकड्यांची ती सामाईक व्यवस्था मोडली नाही. १९८२ साली ब्रिटन आणि अर्जेंटिना फॉकलंड बेटांवरून प्रत्यक्ष लढले, तेव्हाही दोघे या करारात राहिले.

दुसरी गोष्ट सातव्या कलमाची. निर्णयात मत असलेला कुठलाही देश आपले निरीक्षक नेमू शकतो आणि ते कुठल्याही देशाच्या केंद्रात केव्हाही जाऊन पाहू शकतात. खोली, कोठार, जहाज, विमान, सगळं उघडं. शीतयुद्धाच्या ऐन भरात अमेरिकी माणूस रशियाच्या केंद्राची तपासणी करू शकत होता. आपल्या गावात ई-क्लासाची मोजणी मागितली तर वर्ष-दोन वर्षं तारीख मिळत नाही, आणि मिळाली की मोजणीच्या दिवशी निम्मं गाव लग्नाला गेलेलं असतं.

आता इथे कुणीही विचारेल: त्या बारा देशांना हा अधिकार दिला कुणी? प्रश्न रास्त आहे आणि तो सगळ्यात आधी भारतानेच विचारला होता. १९५६ साली आणि पुन्हा १९५८ साली नेहरूंच्या सरकारने अंटार्क्टिकाचा विषय संयुक्त राष्ट्रांपुढे नेण्याचा प्रयत्न केला. हा खंड शांततेसाठी आणि सगळ्यांच्या हितासाठी राहावा, असं भारताचं म्हणणं होतं. दावेदार देशांना ते रुचलं नाही, विषय मागे पडला आणि पुढच्या वर्षी करार झाला तेव्हा भारत खोलीबाहेर होता. पुढे १९८२ साली मलेशियाच्या महाथीर यांनी हाच मुद्दा पुन्हा मांडला: ही श्रीमंत देशांची बंद मंडळी आहे, अंटार्क्टिका साऱ्या मानवजातीचा वारसा माना. शेवटी २०११ साली मलेशियाही करारात आला.

मला या ठिकाणी १९५९ सालची दुसरी एक गोष्ट आठवते. वॉशिंग्टनमध्ये करार झाला त्याच वर्षी महाराष्ट्रात दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पडीक जमिनी कसणाऱ्या भूमिहीनांच्या नावे करा, ही मागणी होती. १९६४ साली तो सत्याग्रह पुन्हा, देशभर झाला. सामाईक जमिनीबद्दल लिहिताना ही बाजू विसरली तर लिखाण खोटं ठरतं. गायरान वाचवा असं म्हणणं सोपं आहे, पण ज्याच्याकडे एक गुंठा नाही त्याने जायचं कुठे? २०२२च्या शेवटी राज्यभर गायरानावरच्या अतिक्रमणांना नोटिसा निघाल्या. आमच्या गावात त्या झोपड्यांना आल्या. आमच्या दोन एकरांना आली नाही. धुरा सरकवणारा शेतकरी आणि डोक्यावर छप्पर शोधणारा मजूर यांना एकाच शब्दाने 'अतिक्रमणधारक' म्हणणं हा न्याय नाही. नियम आधीच पोट भरलेल्यांच्या सोयीचा झाला की बाहेरचा माणूस तो मोडणारच.

अंटार्क्टिक कराराने बाहेरच्यांसाठी दार ठेवलं, पण त्याला अट घातली: तिथे येऊन खरंखुरं संशोधन करून दाखवा, मग निर्णयात मत मिळेल. ही अट गरीब देशांना जड आहे. भारताने ती पूर्ण केली आणि ती कशी केली हे आपल्या मुलांना ठाऊक असायला हवं.

६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या मुरगाव बंदरातून 'पोलर सर्कल' नावाचं नॉर्वेचं जहाज निघालं. भाड्याने घेतलेलं. त्यात एकवीस भारतीय होते. मोहिमेचा फारसा गाजावाजा केलेला नव्हता. ९ जानेवारी १९८२ रोजी ते अंटार्क्टिकावर उतरले आणि तिरंगा लावला. नेते होते डॉ. सय्यद झहूर कासिम. जन्म अलाहाबादचा, शिक्षण अलिगढ मुस्लिम विद्यापीठात प्राणिशास्त्राचं, मग इंग्रजांच्या मुलुखात जाऊन सागरी जीवशास्त्राची डॉक्टरेट, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं संचालकपद. बर्फावर पाऊल ठेवलं तेव्हा वय पंचावन्न. पुढे ते जामिया मिलियाचे कुलगुरू झाले, योजना आयोगाचे सदस्य झाले, २०१५ साली वारले. आमच्या मोहल्ल्यातल्या शाळेच्या भिंतीवर कलामसाहेबांचा फोटो आहे आणि असायलाच हवा. कासिमसाहेबांचं नाव मी तिथल्या मास्तरांना विचारलं, तर त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांचा दोष नाही, माझंही वय चाळिशीच्या पुढे गेल्यावर मला कळलं.

त्या मोहिमेमुळे काय मिळालं? १९ ऑगस्ट १९८३ रोजी भारत करारात आला आणि महिन्याच्या आत, १२ सप्टेंबरला, त्याला निर्णयात मत मिळालं. त्याच उन्हाळी हंगामात, म्हणजे १९८३-८४ला, 'दक्षिण गंगोत्री' हे पहिलं केंद्र उभं राहिलं. आज पन्नासहून जास्त देश करारात आहेत, पण मत २९ जणांनाच. आपण त्यांतले. या मताची खरी किंमत पुढे कळते.

१९८८ साली अंटार्क्टिकात खाणकाम कसं करायचं याचे नियम जवळपास पक्के झाले होते. म्हणजे ई-क्लासाचे प्लॉट पाडायची तयारी झाली होती. ऐनवेळी ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सने सही करायला नकार दिला. त्यातून १९९१ साली माद्रिदमध्ये नवा मसुदा झाला. त्याच्या सातव्या कलमात एका वाक्यात सांगून टाकलं की शास्त्रीय संशोधन सोडून खनिजांसंबंधी कोणतंही काम तिथे करायचं नाही. १४ जानेवारी १९९८पासून तो लागू आहे.

समाजमाध्यमांवर एक गोष्ट फिरते: २०४८ साली करार संपणार आणि सगळे अंटार्क्टिकावर तुटून पडणार. हे चुकीचं आहे. २०४८ साली काहीही आपोआप संपत नाही. एवढंच होतं की त्यानंतर मत असलेला कुठलाही देश पुनर्विचाराची परिषद मागू शकतो. पण खाणबंदी उठवायची तर आधी खाणकामाची बंधनकारक कायदेशीर व्यवस्था तयार असली पाहिजे आणि बदल लागू व्हायला १९९१ साली ज्या २६ देशांना मत होतं त्या सगळ्यांची मंजुरी लागते. त्या २६मध्ये भारत आहे. कासिमसाहेबांचं जहाज वेळेत गेलं नसतं तर नसता. आज कागदावर स्थिती अशी आहे की भारताने सही केली नाही तर ती बंदी उठू शकत नाही.

पण कागदात एक फट आहे. बदल मंजूर होऊन तीन वर्षांत लागू झाला नाही, तर नाराज देश या मसुद्यातून बाहेर पडू शकतो. म्हणजे एकाने नकार धरला की दुसऱ्याला पळवाट आहे. मोठ्या देशाला खनिजांची निकड लागली तर तो ती वापरणार नाही याची हमी कोण देणार?

आणि भेगा आताच दिसू लागल्यात. तिथे निर्णय एकमताने होतात. त्यामुळे लहान देशाचं मत चिरडलं जात नाही, हे चांगलं. पण एकाने मान हलवली नाही की सगळं अडतं. २०१६ साली रॉस समुद्रातलं साडेपंधरा लाख चौरस किलोमीटरचं संरक्षित क्षेत्र मंजूर झालं. पूर्व अंटार्क्टिकाजवळच्या अशाच प्रस्तावाला चीन आणि रशिया वर्षानुवर्षं अडवून बसलेत. २०२२ साली बर्लिनच्या बैठकीत सम्राट पेंग्विनला विशेष संरक्षण द्यायचा प्रस्ताव चीनच्या विरोधामुळे बारगळला. क्रिल नावाचा कोळंबीसारखा इवलासा जीव आहे. व्हेल, सील, पेंग्विन सगळे त्याच्यावर जगतात. त्याची मासेमारी एकाच ठिकाणी दाटू नये म्हणून जो नियम होता, तो २०२४ साली एकमत न झाल्याने संपुष्टात आला. पुढच्याच वर्षी ६ लाख २० हजार टनांची मर्यादा हंगाम संपायच्या आतच गाठली गेली आणि मासेमारी बंद करावी लागली. असं पहिल्यांदाच घडलं. पर्यटकांची संख्या तर एका हंगामात लाखाच्या वर गेलीय. कोचीच्या बैठकीत पर्यटनाच्या नियमांवरही चर्चा झाली. धुरे पुन्हा सरकू लागलेत, फक्त आता नांगराऐवजी जाळी आणि जहाजं आहेत.

उत्तर ध्रुवाची गत बघितली की आपल्याकडे काय शिल्लक आहे ते कळतं. तिथे असा करार नाही. समुद्राभोवती देश आहेत, प्रत्येकाचा आपला किनारा आहे. १९९६ साली आठ देशांनी आर्क्टिक परिषद काढली. तिची एक गोष्ट आपण शिकावी अशी आहे: त्या प्रदेशातल्या मूळ रहिवाशांच्या सहा संघटनांना तिथे कायमची जागा आहे. मेळघाटात कोरकूंना अशी जागा अजून मिळायची आहे. पण लष्करी प्रश्न या परिषदेने मुळातच कक्षेबाहेर ठेवला. २०२२ साली रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि बाकी सात देशांनी बैठकांना जायचं थांबवलं. त्या बर्फावरचं निम्म्या किनाऱ्याचं संशोधन एका रात्रीत तुटलं. भारत तिथे २०१३पासून निरीक्षक आहे, स्वालबार्डमध्ये २००८पासून आपलं 'हिमाद्री' केंद्र आहे, पण निरीक्षकाला मत नसतं. दक्षिणेत आपल्याला मत आहे. म्हणून जबाबदारीही दक्षिणेत जास्त आहे.

आपण ती कशी पार पाडतोय? २०२२ साली संसदेने भारतीय अंटार्क्टिक कायदा केला. आपल्या माणसांनी तिथे काय करायचं नाही हे आता आपल्या कायद्यात आहे. खाणकाम, कचरा टाकणं, बाहेरचे प्राणी-वनस्पती नेणं यांना शिक्षा आहे. चांगलं पाऊल आहे. 'मैत्री'च्या जागी नवं केंद्र उभं करायची तयारीही सुरू आहे. पण मला वाटतं, आता आणखी एक पाऊल टाकायला हवं. २०४८ येण्याची वाट न पाहता भारताने आजच जगापुढे जाहीर करावं की खाणबंदी उठवण्याच्या कागदावर आम्ही केव्हाही सही करणार नाही. अट नाही, 'इतरांनी पाळलं तर आम्हीही' नाही.

यावर शहाणे लोक म्हणतील, आपले पत्ते आधीच का उघडायचे? उद्या आपल्यालाच खनिजं लागली तर? मुत्सद्देगिरीत हात बांधून घ्यायचे नसतात. हा युक्तिवाद मला ओळखीचा वाटतो. "सब ले रहे हैं, हम क्या पागल हैं?" म्हणणारे माझे चाचा काही वाईट माणूस नव्हते. पाच वेळचे नमाजी, कुणाचा पैसा न बुडवणारे. त्यांना फक्त खात्री होती की बाकीचे थांबणार नाहीत, म्हणून तेही थांबले नाहीत. गावातल्या प्रत्येकाची हीच खात्री होती. चोर एकही नव्हता आणि ई-क्लास मात्र गेला.

शिवाय पत्ते लपवायचा फायदा ज्याच्याकडे मोठी ताकद आहे त्याला. उद्या खाणकाम सुरू झालंच, तर दोन किलोमीटर बर्फाखालून खनिज काढायची यंत्रं आणि पैसा कुणाकडे असेल? आपल्याआधी अमेरिका, चीन, रशिया तिथे पोचलेले असतील. आपल्या वाट्याला येईल तो वाढलेला समुद्र आणि बिघडलेला पाऊस. मुंबईचा किनारा आणि वऱ्हाडातला मृगाचा पाऊस हीच आपली ठेव आहे. बंदी टिकण्यात आपला धर्म आहेच, स्वार्थही आहे.

गेल्या बकरी ईदला गावी गेलो होतो. चाचा आता नाहीत. शेत त्यांचा मुलगा कसतो. संध्याकाळी दोघं धुऱ्यावर उभे होतो. मी म्हटलं, ते दोन एकर सोडून देऊ, ग्रामपंचायतीला लिहून देऊ, तिथे पुन्हा बाभळी लावू. तो हसला. म्हणाला, "भाईजान, पहले बाकी लोग छोड़ें, फिर मैं भी छोड़ दूँगा." मी गप्प बसलो, कारण शेत तो राबतो आणि मी शहरात बसून लेख लिहितो. पण परत येताना ठरवलं, माझ्या वाट्याचा अर्धा हिस्सा तरी मी लिहून देणार. अर्ज तयार आहे. मोजणीच्या तारखेची वाट पाहतोय.